रिक्वेस्ट आत गेल्यावर काय होते, आत्या

आत्या, तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचा आहे, आणि तुझ्यावरून आपल्या घरात एक कडाक्याचं भांडण होऊनही गेलं. बाबा पेपरात द्यायची श्रद्धांजली लिहीत बसले होते. 'सेवानिवृत्त गणित शिक्षिका' एवढं लिहून थांबले. मी म्हटलं, पुढे 'वेब डेव्हलपर' लिहा. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोक हासतीन मले." मी म्हटलं, हसू द्या, तिला आवडलं असतं. आई मध्ये पडली, "अवं, तिनं त्यातली नोकरी केली का कधी?" शेवटी दोन्ही गाळलं. नुसतं नाव आणि तुझा तो आधार कार्डावरचा फोटो छापून आला, ज्यात तू फोटो काढणाऱ्याला आता वर्गाबाहेर उभं करणार आहेस असं वाटतं.

भेटायला येणारे सगळे तुझ्या बीजगणिताच्या तासाबद्दल बोलतात. मला त्यातलं काही सांगता येत नाही, कारण मी तुझ्या शाळेत नव्हते. मी उलट्या बाजूची. तू माझी विद्यार्थिनी होतीस, आणि इतकी छळवादी विद्यार्थिनी मला जन्मात दुसरी मिळणार नाही.

पुण्याची नोकरी घरून करायची म्हणून मी दारव्ह्याला आले, तेव्हा घरात सगळ्यांना माहीत होतं की ते काही पूर्ण खरं कारण नाही. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आई दिवसातून दोनदा माझ्या खोलीत येऊन उगाच पडदे सारखे करायची. बाबा माझ्याशी हवामानावर बोलायचे. आणि तू, जिच्या फोनवरून तालुक्यातल्या अर्ध्या सोयरिका जुळायच्या, जिला मुलीचं शिक्षण, मुलाचं शेत आणि कपाळावरचा डाग जन्माचा की पडल्याचा हे सगळं तोंडपाठ असायचं, त्या तू मला एका शब्दानं काही विचारलं नाहीस. चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीत आलीस आणि म्हणालीस, "प्रणू, मले एक वेबसाइट करून दे."

"कशाची?"

"सोयरिकीची. जेवता जेवता फोन, देवापुढं बसली का फोन. ज्याले पाह्यजे त्यानं पाहून घ्यावं, दोघाईचं जमलं तरच नंबर मिळावा. होते का?"

होते, म्हटलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकाच्या आत पहिलं पान उभंही राहिलं. तू ते फोनवर वरखाली करून पाहिलंस. मला वाटलं, कौतुक होणार.

"हे कोणं केलं?"

"मी."

"पूर्ण?"

"पूर्ण नाही. बरंचसं फ्रेमवर्क करतं."

"थो कोण?"

मी हसले. तू हसली नाहीस. मग मी सांगितलं की वेबसाइट करताना दर वेळी लागणारी तीच तीच कामं लोकांनी आधी लिहून ठेवलेली असतात, त्या तयार कोडला फ्रेमवर्क म्हणतात. आपण आपल्या कामापुरतं लिहायचं, बाकी ते सांभाळतं.

"सांभाळते म्हंजे काय करते?"

"आत्या, ते कळून काय करायचंय? चालतंय ना?"

तू फोन पालथा ठेवलास. "लोक आपल्या पोरीचा फोटो इथं टाकतीन. नंबर टाकतीन. उद्या एखादी माय मले इचारन, बाई, आमच्या पोरीची माहिती आत जाते तं तिचं काय होते. मी काय सांगू? मले मालूम नाही, फ्रेमवर्कले मालूम आहे?"

मग मी आमच्या धंद्यात सगळे करतात ते केलं. म्हटलं, समज एक हॉटेल आहे, गिऱ्हाईक म्हणजे ब्राउझर, वेटर म्हणजे... तू हात वर केलास. वर्गातला हात होता तो.

"मले उपमा देऊ नको. सकाळी नाश्त्याले देल्ला थेवढा पुरे. जे होते थे सांग."

तुझ्या त्या एका वाक्यानं मला किती कामाला लावलं, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. मी सात वर्षं या धंद्यात होते. उपमा बाजूला काढल्यावर माझ्या हातात फारसं काही उरत नाही, हे मला त्या रात्री झोपताना कळलं, आणि गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. बऱ्याच आठवड्यांनी काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात लॅपटॉप मांडला. दहा-बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, जो काहीच करत नव्हता. बाहेरून जे येईल ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवायचा. तुला म्हटलं, आता तुझ्या फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाक. तू टाकलास, आणि लॅपटॉपवर धडाधड ओळी पडल्या. साध्या, वाचता येण्यासारख्या. पहिल्या ओळीत कोणतं पान पाहिजे. खाली, विचारणारा ब्राउझर कोणता. कोणती भाषा आधी चालेल. मागच्या भेटीत दिलेली खूण, म्हणजे कुकी, आहे का.

तू एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलंस. "हे काय, मराठी आधी चालते म्हणून लिहेल आहे? मी तं काहीच नाही सांगतलं."

"तुझ्या फोनची भाषा मराठी आहे. ब्राउझर स्वतःहून सांगतो."

"एवढंच राह्यते?" तू म्हणालीस. "मले वाटलं आत काय न् काय राह्यत असन. हे तं कोणालेई वाचता येते!" आणि तू आईला हाक मारलीस, "वयनी, इकडं ये, पाय, माह्या फोननं काय लिहिलं." आई कणकेचे हात घेऊन आली, पाहिलं, आणि म्हणाली की फोन इतकं बोलत असेल तर तो बंद करून ठेवत जा.

तिथून पुढचे दिवस आठवले की मला आजही हसू येतं. रोज सकाळी चहा झाला की आपण एकेक पाऊल आत जायचो. आलेला मजकूर फ्रेमवर्क वाचतं आणि त्यातल्या ओळी वेगवेगळ्या करून एका ठिकाणी नीट ठेवतं. त्या पूर्ण गोष्टीला पुढे रिक्वेस्ट म्हणायचं. मग ती रिक्वेस्ट काही थरांतून जाते. एक थर कोण आलं याची नोंद करतो, एक थर कुकी पाहून हा माणूस ओळखीचा आहे का ते ठरवतो, एक थर पाठवलेला फोटो फार मोठा तर नाही ते बघतो. यांना मिडलवेअर म्हणतात. तू त्यांना शेवटपर्यंत 'मिडलवाले' म्हणत राहिलीस. बाबांना वाटायचं ही कुठली माणसं आहेत. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "हे मिडलवाले दिग्रसचे का पुसदचे?"

थरांमधून पुढे गेली की राउटर नावाचा भाग पत्ता पाहून ठरवतो की ही रिक्वेस्ट कोणत्या फंक्शनकडे, म्हणजे कोडच्या कोणत्या तुकड्याकडे द्यायची. ते फंक्शन डेटाबेसमधून माहिती आणतं, उत्तर तयार करतं, आणि ते उत्तर त्याच थरांमधून उलट्या क्रमानं बाहेर जातं. हे उलट्या क्रमाचं तुला पटेना. "सरळ काहून नाही जात?" मी प्रत्येक थराला आत जाताना आणि बाहेर येताना एक शब्द छापायला लावला. पडद्यावर आलं: पहिला आत, दुसरा आत, तिसरा आत, तिसरा बाहेर, दुसरा बाहेर, पहिला बाहेर. तू टाळ्या वाजवल्यास. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या की क्रिकेट चालू आहे का.

आणि तो राउटरचा घोळ! नवीन स्थळ टाकायचं पान उघडलं की पाटी यायची, ''नवे' नावाचं स्थळ सापडलं नाही.' मी वैतागून फाईली चाळत होते. तू माझ्यामागे उभी राहून म्हणालीस, "वर काय लिहेल आहे? स्थळ, मंग कोणतंबी नाव. खाली लिहेल आहे, स्थळ, मंग 'नवे'. थो वरून वाचत येते नं? मंग त्याले 'नवे' हे पोरीचं नाव वाटलं." बरोबर होतं. दोन ओळींची अदलाबदल केली आणि पान उघडलं. त्या दिवशी तू जेवताना चारदा तरी ते आईला सांगितलंस.

मग तू स्वतः लिहायला लागलीस. एका बोटानं टाइप करायचीस, पण चुका कमी. तुझ्या कोडमधली नावं वाचून माझे पुण्याचे सहकारी वेडे झाले असते: 'उपवर', 'होकार', 'आलेला_माणूस'. तपासणीसाठी खोटी स्थळं पाहिजेत म्हणून तू जी पहिली मुलगी टाकलीस, ती मी होते. मी ते पान चुकून उघडलं. उंची: बेताची. स्वभाव: भांडकुदळ, पण खोटं बोलत नाही. अपेक्षा, या रकान्यात तू लिहिलं होतंस: 'सध्या काही नाही. घाई करू नये.' मी तुला काही बोलले नाही. तूही नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि सोयरिकीचे दिवस सुरू झाले. तू 'तुमच्यासाठी स्थळं' हे नवं पान पूर्ण स्वतः लिहिलं होतंस. मी कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेली, आणि तू ते सुरू करून टाकलंस. सुरुवातीला सगळं सुरळीत. मी परत आले त्या सकाळी मुकुटबनहून फोन आला, आणि तू तो नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला होतास.

"बाई, वैशालीचा बाबा बोलून राह्यलो. आमच्या पोरीच्या पानावर लिहून येऊन राह्यलं, 'नमस्कार, गजानन.'"

"गजानन कोण?"

"थेच तं तुमाले इचारून राह्यलो! फुलसावंगीचा आहे म्हंते. त्याचा फोटो, त्याचा नंबर, सारं इथं दिसून राह्यलं. मंग आमच्या पोरीचा नंबर कोण पाहून राह्यलं, थे सांगा."

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तू फोन ठेवलास, लॅपटॉप ओढलास आणि आधी वेबसाइट बंद केलीस. मग म्हणालीस, "शोध."

वेबसाइट फक्त लॅपटॉपवर चालू ठेवून आपण आईचा फोन घेतला आणि तुझा. एकटा उघडला तर सगळं बरोबर. दुसरा एकटा उघडला, तोही बरोबर. दोन्ही एकदम उघडले, आणि आईच्या फोनवर तुझं नाव आलं. आई म्हणाली, "पाय बाप्पा, मी मास्तरीण झाली."

कारण सापडायला वेळ लागला नाही. 'आलेला_माणूस' हे नाव तू फंक्शनच्या बाहेर, सगळ्यांच्या सामाईक जागी ठेवलं होतंस. एक रिक्वेस्ट आली, तिनं तिथे वैशाली लिहिलं आणि डेटाबेसकडून माहिती यायची वाट पाहू लागली. ती वाट पाहत असताना फ्रेमवर्क रिकामं बसत नाही, दुसरी रिक्वेस्ट आत घेतं. तिनं त्याच जागी गजानन लिहिलं. मग पहिलीची माहिती आली, ती पुढे सरकली आणि त्या जागेवर पाहते तर गजानन. म्हणून मुकुटबनला फुलसावंगी दिसली. नाव त्या त्या रिक्वेस्टसोबतच ठेवायचं होतं. एकट्यानं तपासलं तर ही चूक दिसतच नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मी ती केली आणि म्हटलं, आता सगळ्यांना एक मेसेज पाठवू, तांत्रिक अडचण होती, ती दूर झाली.

"तांत्रिक अडचण म्हंजे कोण?" तू म्हणालीस. "मी. मी लिहेल आहे थे. मी जाऊन सांगते."

तू ज्यांची माहिती उघडी पडली असेल त्या सगळ्यांना फोन केलेस. दिग्रसच्या एका घरानं त्याच क्षणी मुलीचं नाव काढायला लावलं आणि पुन्हा कधी टाकलं नाही. तू त्यांना एकदाही मनवायला गेली नाहीस. "त्याईचं बरोबर आहे," म्हणालीस. पण मुकुटबनला जायचंच, हे तू ठरवलं होतंस. वणीपर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीपमध्ये आपण दोघी पुढे, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. तुला भीती वाटत होती हे मला कळत होतं. तुझ्या हाताला हात लावावा असं वाटलं आणि लावला नाही.

वैशालीच्या घरी ओसरी कापसानं भरलेली. बसायला जागा करायला म्हणून तिच्या आईनं ढीग बाजूला लोटला. वडील खुर्चीवर, हातांची घडी. तू चहाला नको म्हणालीस.

"भाऊ, आधी सांगते, मंग चहा द्यावासा वाटला तं द्या. चूक माही आहे. कॉम्प्युटरची नाही."

आणि तू त्यांना सांगितलंस. एक रिक्वेस्ट आत येते, नाव कुठे ठेवते, कुठे थांबते, तेवढ्यात दुसरी कशी येते. उपमा नाही, आडपडदा नाही. पाटी मागितलीस, नव्हती, म्हणून सारवलेल्या अंगणात काडीनं दोन रेघा ओढल्यास आणि त्या कुठे एकमेकींत अडकल्या ते दाखवलंस. वैशालीचे बाबा वाकून पाहायला लागले. मग खुर्चीवरून उठून तुझ्या शेजारी उकिडवे बसले.

"म्हंजे पोरीचा नंबर कितीक लोकाईनं पाह्यला?"

"आमाले जेवढं दिसते त्यात थो गजानन एकटाच, एकदा उलटं झालतं तवा. पक्कं सांगू शकत नाही. तुमाले नंबर बदलायचा असन तं मी संग येते."

तेवढ्यात दारातून वैशालीचा आवाज आला. कृषी शाखेची पदवी झालेली, हातात कापूस वेचायची पिशवी, हसू दाबत उभी.

"बाई, तो गजानन खरंच आहे का?"

"आहे ना. काहून?"

"नाही, त्यानं लिहिलंय, 'माझ्या बोलण्यावर हसली नाही तरी चालेल, माझ्या स्वयंपाकावर हसू नये.' मले वाटलं हेही तुमच्या कॉम्प्युटरनंच चुकून लिहिलं."

तिच्या आईला आधी हसू आलं. मग वडिलांना. मग चहा आला, आणि चहासोबत गरम भजी आली, आणि तू घोटभर चहा पिऊन पदरानं डोळे पुसलेस, धूर लागला म्हणून. चूल मागच्या अंगणात होती.

खरं म्हणजे तुझ्या वेबसाइटनं त्या दोघांना कधीच समोरासमोर आणलं नसतं. 'मुलीला फार लांब देऊ नये' हा तुझा जुना आग्रह तू कोडमध्येही घातला होतास. शेजारच्या तालुक्यापलीकडचं स्थळ दिसायचंच नाही. मुकुटबन जिल्ह्याच्या एका टोकाला, फुलसावंगी दुसऱ्या. बाकी सगळं जुळत होतं. परत येताना जीपमध्ये तू म्हणालीस, "थे लांबचं कलम काढून टाक बरं. माह्या डोक्यातलं होतं थे, पोरीच्या नाही."

पुढचं तर सगळ्यांना माहीत आहे. फुलसावंगीला आपण गेलो, गजाननच्या घरीही तेच सगळं सांगितलं, दोन्ही घरांच्या होकारानं नंबर दिले, आणि उन्हाळ्यात लग्न झालं. तू बजावून ठेवलं होतंस की ही सोयरीक तुझ्या नावावर कोणी सांगू नये. पण वैशालीच्या बाबांनी मांडवात माईकवरून पुकारलंच, "ज्यांनी ही सोयरीक जमवली त्या बाईंनी स्टेजवर यावं." तू गेलीस, शाल घेतलीस, आणि माईक हातात आल्यावर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मी जमवली नाही," तू म्हणालीस. "माही चूक झालती. काय झालतं, सांगते."

आणि मंगलाष्टकांनंतर, बुंदीच्या पंगतीआधी, भर उन्हात तू वऱ्हाडाला सामाईक जागी ठेवलेल्या नावाची गोष्ट सांगितलीस. बँडवाले वाद्यं खाली ठेवून ऐकत होते. एका म्हाताऱ्या आजोबांनी मध्येच उभं राहून विचारलं, "मंग दुसरीले आत कायले घेतलं? पह्यलीचं होऊ द्याचं होतं." तू त्यांच्याकडे अशा आनंदानं पाहिलंस जसा तुझा आवडता विद्यार्थी सापडला. "कारण नाहीतं बाकीचे बाहेर तिष्ठत राह्यतीन, बाबाजी. आत घ्यावंच लागते. फक्त ज्याचं त्याच्यापाशी ठेवावं लागते." नवरा-नवरी हसून हसून वाकले होते. लग्नाचा व्हिडिओ आहे, आत्या. आई अजून पाहू शकत नाही. मी पाहते. दोनदा पाहिला.

त्यानंतर तुला वेडच लागलं. फ्रेमवर्क नको, आपलंच छोटं लिहू, म्हणजे आतलं सगळं दिसेल. मी म्हणायचे, जगानं वापरून घासून पक्कं केलेलं सोडून तू काय लिहिणार? तू म्हणायचीस, "वापराले नाही, समजाले." लिहीत गेलीस. आणि त्यातच आपला तो शेवटचा वाद सुरू झाला, जो महिनाभर चालला आणि संपलाच नाही.

काम मध्येच फसलं तर काय करायचं? मी म्हणत होते, चूक झाली की सर्वांत बाहेर ती पकडायची, 'अडचण आली' असं पान द्यायचं आणि सरळ पाठवून टाकायचं. फसलेला थरच वाटेत असेल तर त्याच्यातून परत नेताना पुन्हा फसेल. तू म्हणायचीस, नाही. जितक्या थरांतून आत गेली तितक्याच थरांतून चुकीचं उत्तरही परत आलं पाहिजे, कारण प्रत्येकानं काहीतरी सुरू करून ठेवलेलं असतं, नोंद, जोडणी, काहीही. ज्यानं सुरू केलं त्यानं संपवावं. कधी मी चिडायचे, कधी तू. जेवणाच्या पानावर आई ताटं वाजवायची, "त्या मिडलवाल्याईले जेवू द्या, तुमीबी जेवा."

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण असंच भांडलो. तू म्हणालीस, उद्या दाखवते तुले. सकाळी तू चहा घेतलास, कप धुवून पालथा ठेवलास, आणि बाबांना म्हणालीस की जरा पडते. एवढंच. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. लोक म्हणतात, भाग्याचं मरण. असेल. मला राग आला, दुसऱ्या दिवशी दाखवते म्हणून सांगून जाणाऱ्या माणसाचा येतो तसा. तो राग अजून पूर्ण गेला नाही.

न बोललेलं बरंच आहे. तू स्वतः लग्न का केलं नाहीस, हे मी विचारलं नाही. तू माझं विचारलं नाहीस म्हणून मीही नाही. आपलं ते चांगलं चाललं होतं असं मला वाटतं, पण खात्री नाही. कदाचित तू वाट पाहत असशील. आणि दुसरं असं की मी दारव्ह्याला आले तेव्हा सकाळी उठायला मला काही कारण नव्हतं, आणि तू रोज चहानंतर एक प्रश्न घेऊन बसायचीस. तो प्रश्न तुला खरंच पडायचा की माझ्यासाठी? दोन्ही, असं तू म्हणाली असतीस, आणि विषय बदलला असतास.

परवा वैशाली आली होती. फुलसावंगीहून, गजाननसोबत. तो स्वतः केलेल्या करंज्या घेऊन आला होता आणि कोणीही हसलं नाही. आईजवळ बसून झाल्यावर वैशाली माझ्या खोलीत आली. तू तिला फोनवरून शिकवत होतीस हे मला माहीत होतं, इतकं नेमानं शिकवत होतीस हे नव्हतं.

"ताई, एक सांगू? बाईंनी सांगू नको म्हटलतं."

"मग सांग."

"ते चुकीच्या उत्तराचं. त्याईनं तुमचंच ऐकलं होतं. जायच्या दोन-तीन दिवस आधीच. म्हणाल्या, प्रणूचं बरोबर आहे, मी माह्या कोडमधी तसंच करून टाकलं. पण तिले आत्ताच सांगत नाही, वाद घालताना तिची तब्येत सुधरून राह्यली."

मग मला हसू फुटलं, इतकं की आई धावत आली.

"काय झालं वं?"

मी हातानंच तिला थांब म्हटलं. आत्या, त्या शेवटच्या रात्री, तुझ्याशी भांडून खोलीत आल्यावर, मी आपल्या वेबसाइटचा तो भाग तुझ्या म्हणण्याप्रमाणे बदलला होता. सगळे थर, उलट्या क्रमानं, चुकीचं उत्तरसुद्धा. पटलं होतं मला. सकाळी चहाच्या वेळी सांगणार होते, तुझं तोंड बघायला.

वैशालीला हे सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग खूप रडली. गजानन दारात येऊन विचारायला लागला की करंजीत काही चुकलं का. आम्ही दोघींनी मिळून तुझा कोड उघडला. ती म्हणाली, "मग आता खरं कोणाचं?" आम्ही तासभर भांडलो. ती तुझ्या बाजूनं बोलत होती, म्हणजे माझ्या. मी माझ्या, म्हणजे तुझ्या. काही ठरलं नाही. वेबसाइटवर तुझं म्हणणं चालू आहे, तुझ्या कोडमध्ये माझं. तसंच राहू देणार आहे मी. तू समोर नसताना जिंकायचं, हे मला जमायचं नाही.